चाकाची मागची बाजू

तिसरं चाक वाजलं आणि आवडीनं हातातला लाकडी ठोकळा खाली ठेवला.

"काय झालं, मावशी?" राजेशनं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

"ह्याचा आवाज बसलाय."

चाक गॅरेजच्या लोखंडी तुळईला दोरीनं टांगलेलं होतं. टायर उतरवलेला, नुसती क्रोमची तबकडी आणि तिचे सहा आरे. आधीच्या दोन चाकांवर ठोकळा मारल्यावर आवाज चार-पाच सेकंद हवेत राहिला होता, आणि तो पुरता संपेपर्यंत आवडी मान कलती करून उभी होती. या तिसऱ्याचा आवाज निघता निघताच विझला. तिनं दुसऱ्या आऱ्यावर ठोकून पाहिलं. मग ते उतरवून चौथं टांगलं. ते नीट वाजलं. त्याच दोरीला, त्याच गाठीला पुन्हा तिसरं. म्हणजे दोष दोरीचा नव्हता.

"आपल्याला काय घंटा विकायचीय का देवळात? घासो और दे दो. गणू संध्याकाळी येतोय."

"येऊ दे. आधी बगते."

राजेशचं गॅरेज पोलादपूरला, स्टँडवरून महाडकडे निघालं की डाव्या हाताला. बारा वर्षं मुंबईत काढून तो परत आला तेव्हा सोबत थोडी हिंदी आणि भंगारवाल्यांचे फोन नंबर घेऊन आला. मोठ्या गाड्यांची जुनी क्रोमची चाकं मुंबईत भंगारात पडतात. ती आणायची, चकाचक करायची आणि इकडच्या जीपवाल्यांना विकायची, असा त्याचा धंदा. पहिल्या वर्षी चाकं धुणाऱ्या माणसानं मोरी साफ करायचं ॲसिड ओतलं आणि उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा क्रोम निघून आला. आवडी तेव्हा तिथं झाडलोट करायला होती. केरसुणी हातात धरून तिनं नुसतं एवढंच म्हटलं होतं, "ॲसिड नको. मी करू का?" तेव्हापासून चाकं तिच्याकडे आली.

तिची पद्धत सावकाशीची होती. आधी नुसतं पाणी, मग साबणाचं कोमट पाणी आणि दाढीचा जुना ब्रश. ब्रेकची काळी भुकटी आऱ्यांच्या कोपऱ्यात चिकटून बसलेली असते, ती डिझेलच्या फडक्यानं. तांबूस डाग राहिले की हॉटेलातल्या पार्सलची चंदेरी, म्हणजे ॲल्युमिनियमचा कागद, बोळा करून, पाण्यात बुडवून, दोन बोटांनी गोल गोल. चंदेरी क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा येत नाही आणि गंज तेवढा उतरतो. शेवटी सुती लुगड्याचा तुकडा आणि मेण. एका चाकाला अडीच तास. ते झालं की तिला त्यात स्वतःचं तोंड दिसायचं, वाकडं, सहा ठिकाणी.

हे सगळं तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. कुशाबा सोळा वर्षं महाडला एका प्लेटिंगच्या कारखान्यात हौदावर होता. तो कारखाना आता नाही. हौदातून उठणाऱ्या वाफेनं त्याच्या नाकातला मधला पडदा झिजत झिजत आरपार भोक पडलं, वास कायमचा गेला आणि दमही गेला. आता तो घरी दोन म्हशी सांभाळायचा. "क्रोम केवढा असतो सांगू?" तो म्हणायचा. "केसाचा शंभरावा हिस्सा. खाली निकेल, त्याच्या खाली तांबं, त्याच्या खाली खरं चाक. लोक केसाच्या शंभराव्या हिश्श्याला भुलतात. तू खालचं ऐकत जा." ऐकायचं कसं, हे मात्र सांगावं लागलं नव्हतं. म्हशीच्या गळ्यातली घंटा घेताना वाडीतली बाई बाजारात दहा घंटा वाजवून एक उचलते. आवडीचा कान तिथंच तयार झाला होता.

तिनं चाक पालथं घातलं. मागची बाजू कोणी पॉलिश करत नाही, तिथं क्रोमही नीट चढलेला नसतो. तिनं ती बाजू धुतली, पुसली, सगळीकडे डिझेल चोपडलं आणि दहा मिनिटं थांबली. मग कोरड्या फडक्यानं इतकं पुसलं की बोटाला ओल लागेना. पिशवीतून रांगोळीची पुडी काढली आणि चिमटीतून पांढरी भुकटी भुरभुरवली, अंगणात टाकावी तशी.

राजेश आता उठून आला होता. दोघं बघत राहिली. एका आऱ्याच्या बुंध्याशी, जिथं तो मधल्या जाड भागाला मिळतो तिथं, पांढऱ्यात एक करडी रेघ उमटली. आधी तुटक, मग सलग. आत शिरलेलं डिझेल भुकटीत वर येत होतं. आवडीनं बोट लावून मापलं. एक पेर.

"तडा हाय."

"वरचा ओरखडा असेल."

"ओरखड्यात डिझेल राहत नाय. पुसलं का निघतं."

राजेशनं अंगठ्यानं रांगोळी फासून टाकली. "मावशी, सेट आहे चारचा. असलं पाचवं कुठून आणू? पुट्टी भरतो, वरून सिल्व्हर मारतो. मागच्या बाजूला कोण बघतंय?"

"मी हात नाय लावायची ह्या चाकाला."

"नको लावू. टेन्शन नही. मी करतो."

गणू संध्याकाळी आला. आंबेनळीच्या रस्त्यावर एक फाटा फुटतो. तिथून पाच किलोमीटर चढ चढला की वरची वाडी. गणू त्या वाडीतला, आवडीच्या शेजारचा. एसटी फाट्यापर्यंतच येते; तिथून वर वाडीला दुसरं वाहन नाही, गणूची जीप तेवढी. तीन चाकं ओळीनं भिंतीला लावलेली होती, आणि चौथं राजेशनं घाईघाईत घासलेलं, थोडं धुरकट.

"हे एक कसं मळकं दिसतंय?" गणू म्हणाला.

"त्याला तडा हाय," आवडी म्हणाली. "घेऊ नको रे गणू."

गणूनं राजेशकडे पाहिलं. राजेश हसला. "मावशीला रांगोळीत दिसतो तडा. थांब." त्यानं चाक दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचललं आणि सिमेंटच्या जमिनीवर सोडून दिलं. चाक एकदा उसळलं, भेलकांडलं आणि आडवं होऊन फिरत फिरत थांबलं. "तुटलं?"

"नाय," गणू म्हणाला.

"बात खतम."

"पडून तुटत नाय ते," आवडी म्हणाली. "फिरून फिरून तुटंल. घाटात तापंल, तू वरनं पानी मारशील..."

"काकी, दसऱ्याला गाडीची पूजा हाय. तीन चकचकीत नि एक काळं लावून फिरू? लोक हसतील."

"हसू देत. हसण्यानं मानूस मरत नाय."

"तुला काय जातंय बोलायला," गणू म्हणाला आणि बोल्ट मोजायला लागला.

धुरकट चाक त्यानं मागं, उजवीकडे लावून घेतलं. तिथं कमी दिसतं म्हणून.

दसऱ्याला वाडीत जीपची पूजा झाली. चारही चाकांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. दुसऱ्या दिवशी सकाळी आवडी जीपपाशी आली, आत बसलेल्या बायकांकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं आणि पायवाटेनं चालायला लागली.

"आवडे, बस की गो!" ठकूबाईनं हाक मारली. ठकूबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. "का तुझ्यासाटी विमान येतंय?"

"त्या चाकावर मी बसायची नाय. तुमी पन बसू नका."

"मग काय उडत जाऊ?"

जीप हसत पुढं गेली.

तेव्हापासून आवडी फाट्यापर्यंत चालत उतरायची, तिथून एसटीनं पोलादपूर. संध्याकाळी एसटीनं फाटा आणि पाच किलोमीटर चढ. उतरायला पन्नास मिनिटं, चढायला दीड तास. खाली फाट्याजवळ झरा आहे. घाट उतरून आलेला प्रत्येक ड्रायव्हर तिथं थांबतो आणि तापलेल्या चाकांवर बादलीनं पाणी मारतो. चाक फस्स करतं, वाफ उठते, मुलं टाळ्या वाजवतात. आपण गाडीची काळजी घेतली असं त्या ड्रायव्हरला वाटतं. गणूचा बाप बैलगाडीच्या चाकांवर पाणी मारायचा, लाकूड फुगून लोखंडी धाव घट्ट बसावी म्हणून. गणू क्रोमवर मारायचा. आवडीनं एकदा त्याचा हात धरला होता.

"तापल्या तव्यावर पानी टाकतोस होय रे? बायकोला विचार तव्याचं काय होतं."

"बायकू म्हनते, काकीकडं जास्त जाऊ नको," गणू म्हणाला, आणि वाफेत सगळे हसले.

महिना गेला, दोन गेले. चाक मोडलं नाही. दिवाळी झाली, शिमगा झाला. चाक फिरत राहिलं. रोज चार फेऱ्या, रोज चाळीस किलोमीटर. आणि प्रत्येक फेरीबरोबर आवडीचा शब्द थोडा थोडा खोटा पडत गेला. पहिल्यांदा लोक विचारायचे, "खरंच तडा हाय का गो?" मग, "काय म्हनतो तुजा तडा?" होळीच्या वेळी एका बाईनं आपल्या पोराला दटावलं, "पडशील, आवडी म्हनते तसा!" आणि पोरगं झाडावरून आणखी वर चढलं. गॅरेजमध्ये राजेशनं दोरी सोडून ठेवली. "ठोकाठोकी बंद कर, मावशी. गिऱ्हाईक घाबरतं. तू फक्त धू." त्यानंतर आलेली चाकं तिनं धुतली, पुसली, मेण लावलं. त्यातली कुठली वाजत होती आणि कुठली नाही, हे तिला माहीत नव्हतं. ठोकळा कुठंतरी चूल पेटवायला गेला.

सगळ्यात जास्त लागलं ते कुशाबाचं. त्याला महिन्यातून एकदा महाडला डॉक्टरकडे जावं लागायचं. नाकातलं भोक वाढतंय का ते बघायला. चालणं त्याला जमणारं नव्हतं. तो जीपनं जायचा.

"तुमी तरी गणूला सांगा," ती म्हणाली. "तुमी कारखान्यात होता. तुमचं ऐकंल."

कुशाबा म्हशीच्या पाठीवरच्या गोचड्या काढत होता. "काय सांगू?"

"तडा हाय ते. मी तुमाला आवाज करून दाखवला होता ना तोंडानं, कसा आला ते?"

"तडा हाय," तो म्हणाला. "तू बोललीस तवाच समजलं मला. बुंध्यापाशी, पेरभर. तिथंच येतो."

"मग बोलत का नाय?"

"बोललो तर गणू म्हनंल, मग चालत ये म्हाताऱ्या. मी किती चालू? शंभर पावलं. आन चाक आज मोडंल का धा वर्सांनी मोडंल, ते कुनाला म्हाईत? त्याच्या आधी मीच जाईन." तो नाकातून शिट्टीसारखा आवाज करत हसला, त्या भोकातून हवा गेली की तसा आवाज व्हायचा. "मी तुला बगायला शिकवलं, आवडे. भांडायला न्हवतं शिकवलं."

त्या दिवशी तिनं त्याच्याशी दुसरा शब्द काढला नाही. त्यानंतरही फार काढले नाहीत.

आषाढातली गोष्ट. ढग रस्त्यावर उतरले होते, दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. पायांत प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर इरल्याच्या जागी खताची पिशवी. निम्म्या चढावर आवडीला मागून जीप ऐकू आली. गिअर बदलल्याचा आवाज, आणि त्याच्याखाली, तिलाच ऐकू यावा असा, मागच्या उजव्या अंगाला एक बारीक टक. टक. टक. आधी हा आवाज नव्हता. ती कडेला सरली. आणि तिच्या मनात सरळ, स्पष्ट, शब्दांत आलं: मोडू दे. आज मोडू दे. सगळ्यांच्या देखत.

जीप शेजारून गेली. मागची ताडपत्री वर केलेली होती. बाकाच्या टोकाला कुशाबा बसलेला, डोक्यावर औषधाच्या दुकानातली पिशवी बांधून. तिला पाहून त्यानं सवयीनं दोन बोटं वर केली. मग धुक्यात तो गेला, चाक गेलं, आवाज गेला.

आवडी दगडावर बसली. ती काय मागत होती ते तिनं कोणालाही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून जीप मागून आली की ती कानांवर हात ठेवायची.

भादव्यात गणूनं जीप विकली. त्याला नवी मिळत होती, जास्त माणसं बसतील अशी. विकायच्या आधी गाडी राजेशकडे धुवायला आली. चाकं उतरवायची नव्हती, लावलेलीच पुसायची होती. आवडी जमिनीवर बसून एकेक चाक पुसत गेली. मागच्या उजव्यापाशी थोडी थांबली. समोरच्या बाजूला काही नव्हतं. नुसतं वाकडं तोंड, सहा ठिकाणी.

"कुनाला दिली?" तिनं विचारलं.

"पाचाडचा हैबती. त्याची खानावळ हाय तिथं," गणू खुशीत होता. "चाकांवरच भाळला. म्हनाला, बाकी काय बी असो, चाकं झकास."

तिला आधी हलकं वाटलं. घाट, झरा, ठकूबाई, कुशाबा, सगळ्यांच्या खालून ते चाक निघून चाललं होतं. मोडेल तेव्हा मोडेल, तिला कळणारही नाही. फडकं पिळताना तिनं विचारलं, उगाच, "गाडी कशाला पायजे त्याला?"

"सामान आनायला. नि नातवंडांना शाळेत सोडायला. तिगं हायत."

गुरुवारी गॅरेज बंद असतं. गुरुवारी सकाळी आवडी पोलादपूरहून महाडला गेली आणि महाडहून गडाच्या पायथ्याशी, पाचाडला जाणाऱ्या एसटीत बसली. पिशवीत डिझेलची छोटी बाटली, दोन फडकी आणि रांगोळीची पुडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीत आलेला होता. आपण काय बोलणार आहोत, ते ती मनात जुळवत होती. शेवटी तिच्या लक्षात आलं की गेल्या वर्षभरात ती हे इतक्यांदा बोलली आहे की आता जुळवायचं काहीच उरलेलं नाही.

हैबतीची खानावळ रस्त्याला लागूनच. तीन टेबलं, बाहेर पाटी, आणि पाटीखाली जीप. हैबती पन्नाशीचा, आडवा, कपाळाला गंध. गडावर जाणाऱ्यांची गर्दी अजून उतरायची होती.

"पिठलं-भाकरी हाय, ताई. बसा."

"जेवायला नाय आले. तुमच्या गाडीच्या मागल्या चाकाला तडा हाय. मला दाखवू द्या, मग मी जाते."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं; नखांच्या कडा डिझेलनं काळ्या, बोटांची टोकं चंदेरीनं झिजून गुळगुळीत.

"तू कोन?"

"ही चाकं मी धुतलीत."

शेजारीच पंक्चरवाला होता. हैबतीनं त्याच्याकडून जॅक आणला, स्वतः बोल्ट सोडले, चाक काढून टायर उतरवून घेतला आणि चाक खानावळीच्या मागं धुण्याच्या दगडावर आणून ठेवलं. पंक्चरवाला मागोमाग येत होता. हैबतीनं त्याला चहा देऊन बाहेरच बसवलं.

आवडीनं मागची बाजू वर केली. राजेशची पुट्टी मध्ये उभी चिरली होती. तिनं खिळ्यानं ती खरवडली. धुतलं, पुसलं, डिझेल लावलं. दहा मिनिटं दोघं थांबली. मग तिनं चिमटीतून रांगोळी सोडली.

या वेळी वाट बघावी लागली नाही. रेघ आऱ्याच्या बुंध्यातून निघाली, वळली आणि बोल्टच्या भोकापर्यंत गेली. तीन पेरं. भोकाच्या दुसऱ्या बाजूनं आणखी एक बारीक फाटा फुटायला लागला होता.

हैबतीनं मोबाइलची बॅटरी लावून, गुडघ्यावर बसून पाहिलं. नखानं रेघ चाचपली. नख अडकलं.

"म्हंजे हे... काल पोरं बसली होती."

"हां."

तो उठला. त्याचं तोंड उतरलं होतं. एक वर्षानं कोणीतरी बघितलं होतं, आणि बघून कळलं होतं.

"आनखी कुनाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना. वरीसभर सांगतेय."

"कुनी ऐकलं?"

"नाय."

"बरं झालं," हैबती म्हणाला.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"ताई, तुझे उपकार हायत. पन हे इथंच राहू दे." त्यानं आवाज खाली आणला. "तो पोरगा, गनू, काल इथं चहा पिऊन गेला. गावासमोर मी त्याला म्हनालो, चाकं बगून गाडी घेतली, मला गाडीतलं कळतं. आता तडा निघाला म्हनून बोभाटा झाला तर? म्हनतील, हैबतीला चकचकीत चाक दाखवून पोरानं फसवला. इथं मला तंटा मिटवायला बोलावतात लोक. हसतील मला."

"हसू देत," असं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते बोललं नाही.

"चाक काढतो मी. साधं लावतो. हे मागं टांगतो, स्टेपनी म्हनून. शोभा राहील."

"पंक्चर झाली का तेच लावाल."

हैबतीनं चाकाच्या काठावर हात ठेवला.

"चाक माझ्या हवाली करा," आवडी म्हणाली. "मी घरी नेऊन घनानं फोडते. मग कुनाच्या गाडीला लागायचं नाय."

"आन बोलशील कुनाला?"

ती रांगोळीतल्या रेघेकडे बघत होती. आतून हैबतीच्या एका नातवाचा आवाज येत होता. पाढे म्हणत होता, बाराच्या पाढ्यावर अडकत होता.

"नाय बोलनार."

"कुनालाच नाय? गनूला, तुज्या मालकाला, घरात?"

"बोलले ना, नाय म्हनून."

"शपत घे."

"शपत कशाला. माजा शब्द हाय." तिनं फडक्यानं रांगोळी पुसून टाकली.

हैबतीनं तिला जेवायचा आग्रह केला. ती थांबली नाही. चाक दहा-अकरा किलोचं होतं. तिनं फडक्यांची चुंबळ केली, चाक डोक्यावर घेतलं आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली. उन्हात ते इतकं चमकत होतं की गडावरून उतरणाऱ्या दोन मुलांनी मोबाइल काढून तिचा फोटो घेतला.

"मावशी, बाकीची गाडी कुठाय?" कंडक्टरनं विचारलं. बसमधले हसले. तिनं चाक पायांत घेतलं.

पोलादपूरला उतरली तेव्हा फाट्याची शेवटची एसटी गेलेली होती. स्टँडबाहेर गणूची नवी जीप भरत होती; ती घेतल्यापासून तो पोलादपूरपर्यंत यायचा. तिला साधी, काळ्या लोखंडाची चाकं होती. आवडीनं चारही पाहिली, मग चाक उचलून मागच्या बाजूनं आत चढली. गणूच्या जीपमध्ये बसून तिला वर्ष होत आलं होतं.

"आली गो बाय आली!" ठकूबाईनं सरकून जागा केली. "पाय दमले वाटतं शेवटी."

गणू भाडं घ्यायला मागं आला आणि थबकला. "हे माझं चाक. काकी, हे पाचाडला दिलेल्या गाडीचं चाक!"

आवडीनं चाक पायांपाशी ओढून घेतलं.

"तू पाचाडला गेलीस? हैबतीकडं जाऊन तोंड वाजवलंस?" त्याचा आवाज चढला. "वरीसभर माज्या गाडीचं नाव घालवलंस. विकली तरी पाठ सोडत नायस?"

"अरे, भोळा असंल बिचारा," ठकूबाई म्हणाली. "हिनं रडून-बिडून मागितलं असंल. दिलं म्हनून टाकलं त्यानं."

"काय सांगितलंस त्याला? बोल ना."

"काय नाय."

"काय नाय कसं? चांगलं चाक तो उगाच काढून देईल?" गणू पुढं वाकला. त्याच्या रागात आता दुसरंही काहीतरी होतं. तो चाकाकडे बघत होता, तिच्याकडे नाही. त्यानं हात पुढं केला. "तडा हाय ना त्याला? दाखव. आता टायर नाय, काय नाय. सगळी बसलीत इथं. दाखव मला, मी मानतो."

जीपमधली अकरा माणसं तिच्याकडे बघत होती. समोरची बाई मुलाला मांडीवरून खाली ठेवून पुढं झुकली. ठकूबाईनं सुद्धा तोंड मिटलं.

आवडीनं चाक मांडीवर घेतलं, चमकती बाजू बाहेर करून. मागची बाजू तिनं पोटाशी दाबून धरली आणि दोन्ही हात त्याच्याभोवती घातले.

"गाडी काढ रे गणू," ती म्हणाली. "म्हशी धारेला खोळंबल्या असतील."